पूर्वीसारखा आवाज

९ जानेवारी

प्रिय धाकट्या मेहुणीबाईंस,

सप्रेम नमस्कार. आपल्या ताईच्या मोटारसायकलीविषयी लिहावयाचे आहे. दूरध्वनी करता आला असता. परंतु दूरध्वनीवर बोलताना अलीकडे माझा आवाज मध्येच बंद पडतो आणि पलीकडच्या माणसास उगाच तिष्ठावे लागते. शिवाय आपणा दोघांमधील सगळे बोलणे इतकी वर्षे तीच करीत असे. "धाकटी असं म्हणते", "हे असं म्हणतात", अशा निरोपांवर आपला संबंध सुरळीत चालला. आता निरोप पोचवणारी राहिली नाही, म्हणून हे पत्र.

ती गेल्यावर आपण येथे आला होता, तेव्हा गाडी आपणांस देण्याचे मी कबूल केले. एप्रिलपासून डोंगरावरच्या वस्त्यांची फेरी आपल्याकडे येणार आहे आणि आपली स्कूटर तो चढ चढणार नाही, हेही मला ठाऊक आहे. परिचारिका वाटेत अडकली तर पलीकडे बाळंतीण खोळंबते, हे ती मला नेहमी सांगत असे. तेव्हा गाडी मार्चअखेर आपल्या हाती द्यावयाची, यात बदल नाही.

अडचण अशी की इंजिन नीट चालत नाही. सुरू होते, पण अडखळते. ठोके सारखे पडत नाहीत. काळा धूर येतो आणि पेट्रोलचा वास सुटतो. मध्येच खोकल्यासारखा आवाज होऊन ते बंद पडते. चौकातल्या मेकॅनिकास दाखवावे, तर "या गाडीला बाबा आणि धाकटी सोडून कुणाचा हात लागायचा नाही" असे तिचे बजावणे होते. बाबा गेले, त्यांचे गॅरेज बंद होऊन वर्षे झाली. राहता राहिला तो आपला हात, आणि तो येथून एका दिवसाच्या अंतरावर आहे.

मला गाडी चालवता येत नाही. सारा संसार मी मागच्या आसनावर बसून केला. तथापि लेखी सूचना मिळाल्यास त्या बिनचूक पार पाडता येतील, इतका विश्वास मला आहे. सरकारी नियमांचे मसुदे लिहिण्यात माझी नोकरी गेली. सूचना कशी वाचावी एवढे तरी मी शिकलो असेन. बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालणे मला रुचत नाही. गाडी दुरुस्त करूनच देईन.

आपला स्नेहांकित,
भावोजी


१६ जानेवारी

भावोजी,

तुमचं पत्र वाचून आधी हसले आणि मग जरा डोळे पुसले. ताई तुम्हाला उगाच 'राजपत्र' म्हणायची नाही! "बघ, आज राजपत्रात काय प्रसिद्ध झालंय" असं म्हणत ती मला तुमच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायची. "दूध उतू गेल्यास त्याची जबाबदारी निम्नस्वाक्षरीकारावर राहील." खरं की नाही?

आता कामाचं. काळा धूर आणि पेट्रोलचा वास म्हणजे राणीसरकारांना खाणं जास्त आणि हवा कमी मिळते आहे. (राणीसरकार हे ताईनेच ठेवलेलं नाव. दोनदा विनवल्याशिवाय उठत नाही म्हणून.) पहिलं काम स्पार्क प्लगचं. जिन्याखाली बाबांची पत्र्याची पेटी आहे, त्यात प्लगचा लांब पाना सापडेल. इंजिन गार असताना प्लगवरची टोपी सरळ वर ओढून काढा, वाकडीतिकडी पिळू नका. मग पाना बसवून डावीकडे फिरवा. निघाला नाही तर जोर लावू नका, दम खा आणि पुन्हा हळूच. प्लगचं टोक बघून मला रंग सांगा. विटकरी असेल तर तब्येत उत्तम. काळं, कोरडं, काजळ धरल्यासारखं असेल तर माझा अंदाज बरोबर. काळं आणि तेलकट असेल तर मात्र मला काळजी.

काजळी असेल तर तारेच्या ब्रशने घासून काढा, टोकांमधली फट पेटीतल्या पातळ पट्टीने बघा. पट्टी किंचित अडकत सरकली पाहिजे. परत बसवताना आधी हाताने फिरवा, पाना सगळ्यात शेवटी. वाकडा बसला तर आटे जातील आणि मग बाबा स्वर्गातून ओरडतील.

आणखी एक, किलोमीटरचा आकडा आणि टाकीत पेट्रोल किती, तेही लिहा. बाबा पेशंट बघायच्या आधी हे दोन प्रश्न विचारायचे.

आणि भावोजी, ते "आपण" सोडा की. माझं लग्न ठरत होतं तेव्हापासून तुम्ही मला आपण म्हणताय. लग्न ठरायचं राहिलं ते राहिलंच, आपण मात्र चालूच आहे.

तुमची,
धाकटी


२८ जानेवारी

प्रिय मेहुणीबाईंस,

आपले पत्र पावले. सूचना उत्तम आहेत. फक्त "दम खा" किती वेळ, हे स्पष्ट नव्हते. मी वर येऊन वर्तमानपत्र वाचून पुन्हा खाली गेलो. प्लग निघाला.

टोक काळे, कोरडे, हाताला काजळासारखे लागणारे. ती काजळी माझ्या सदऱ्याच्या बाहीवरही उतरली आहे आणि धुऊनही जात नाही. ब्रशने घासले, फट पाहिली, पट्टी आपण लिहिल्याप्रमाणे किंचित अडकत सरकली. प्लग हाताने बसवला. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, तुमच्या हातात पाना बघून वहिनींनी काय म्हटलं असतं?" मी म्हणालो, "तिने पाना काढून घेतला असता." त्या हसल्या. मलाही हसू आले, हे नमूद करतो.

किलोमीटरचा आकडा तिने शेवटची फेरी केली तेव्हाचाच आहे. पाणीपुरवठा खात्यातल्या तिच्या शेवटच्या पाहणीनंतर गाडी जागची हललेली नाही. टाकी अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली आहे.

पाचव्या की सहाव्या किकला इंजिन सुरू झाले. धूर कमी आहे आणि अडखळणे थांबले आहे. परंतु आवाज पूर्वीसारखा नाही. फार हलका, फार भराभर पडणारा, एखाद्या परक्या गाडीसारखा आहे. त्यामुळे दुरुस्ती पूर्ण झाली असे मला म्हणवत नाही. पुढील सूचना कळवाव्यात.

संबोधनाविषयी आपली तक्रार पोचली. तिलाही लग्नानंतर बरेच दिवस मी आपण म्हणत असे. सवय मोडण्यास मला वेळ लागतो.

आपला स्नेहांकित,
भावोजी


५ फेब्रुवारी

भावोजी,

शाब्बास! बाबा असते तर तुम्हाला गॅरेजात ठेवून घेतलं असतं, निदान झाडायला तरी.

आवाज हलका आणि भराभर म्हणजे चांगलंच की हो. इंजिन जागं झालं. पण तुम्ही म्हणता बरोबर नाही, तर काहीतरी असेल. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. ताईच्या पावलांवरून तुम्ही तिचा मूड ओळखायचात. तेव्हा पुढची पायरी. सीटखाली डाव्या बाजूला एक झाकण आहे, त्यामागे एअर फिल्टर. धूळ बसली असेल तर हलक्या हाताने झटका आणि उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे.

मग चोक. कार्ब्युरेटरच्या कडेला छोटी दांडी आहे. वर ओढली की हवा अडते आणि पेट्रोल जास्त जातं. गार इंजिन उठवायला तेवढ्यापुरती ती वर, इंजिन धरलं की लगेच खाली. पूर्ण खाली! ती अर्धवट राहिली तर महिन्याभरात प्लग पुन्हा काळा. ती नीट खाली बसते का बघा. आणि कार्ब्युरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल वाटीत काढून टाका. जवळ काडी, निखारा, गॅस काहीही नको. शिवणबाईंनाही लांब उभं करा.

ऑइल भरायच्या झाकणाच्या आतली बाजूही बघून घ्या, हात काळे झालेच आहेत तर.

इकडे स्कूटर रोज एक नवा बहाणा काढते. काल उतारावरसुद्धा बंद पडली. उतारावर, भावोजी! मी तिला ढकलत नेत होते आणि समोरून येणारी म्हातारी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तिला दवाखान्यात नेताय की ती तुम्हाला?"

तुमची,
धाकटी


१७ फेब्रुवारी

प्रिय मेहुणीबाईंस,

आपल्या सूचनांप्रमाणे केलेल्या कामाचा वृत्तान्त देतो.

फिल्टर झटकला, उजेड पलीकडून दिसतो. चोकची दांडी वर-खाली व्यवस्थित होते, कोठेही अडकत नाही. जुने पेट्रोल काढून टाकले. ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरट, दुधावरच्या सायीसारखा थर आहे. तो पुसला. किलोमीटरचा आकडा तोच. टाकी मात्र आता तळाशी आली आहे.

प्लग पुन्हा काळा झाला आहे. मागच्या वेळेइतकाच, किंबहुना अधिक. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी काल वर येऊन सांगितले की अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या अस्तरावर काळे ठिपके पडतात. तेव्हा "संध्याकाळचा तो धूर" जरा आवरता आला तर बरे. त्या सौम्यपणे बोलल्या, पण गिऱ्हाईकांची कापडे आहेत. मी त्यांची क्षमा मागितली.

थोडक्यात, तपासणी सांगितल्याप्रमाणे करूनही दोष पहिल्या जागी परत आला आहे. गाडी या स्थितीत मी आपणांस देऊ शकत नाही. मार्चअखेरची मुदत थोडी पुढे ढकलता येईल काय, हे कळवावे.

आपला स्नेहांकित,
भावोजी


२५ फेब्रुवारी

भावोजी,

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मानलात तरी चालेल.

परवा स्कूटर पुलाच्या अलीकडे बंद पडली ती उठलीच नाही. पुलापलीकडे पहिलटकरीण कळा देत होती. मी पिशवी डोक्यावर घेऊन चालत गेले. मी पोचायच्या आधीच तिच्या सासूने सगळं निभावलं होतं. दोघी सुखरूप आहेत, पण ते माझ्यामुळे नाही. त्या सासूने उलट मलाच पाणी आणून दिलं, तेच मला जास्त लागलं.

म्हणून विचारते. उभ्या असलेल्या गाडीचा प्लग तीन आठवड्यांत काळा होतो कसा? मी सांगितलेलं तुम्ही करता आहात की माझ्या समाधानासाठी लिहिता आहात? गाडी द्यायची नसेल तर तसं म्हणा. तिची गाडी आहे, तुम्हाला सोडवत नसेल, हे मला कळणार नाही का? मी दुसरी बघेन. पण एप्रिलच्या तोंडाशी "मुदत पुढे ढकलावी" असलं पत्र मला नको. मुदत माझ्या हातात नाही, बायकांच्या पोटात आहे.

धाकटी


४ मार्च

भावोजी,

तुमचं उत्तर आलं नाही. येणार नाही असंच वाटलं होतं. माझं मागचं पत्र फाडून टाका, जमलं तर.

आज मागच्या खोलीत सुया उकळत ठेवल्या होत्या आणि नुसती बसले होते, तेव्हा तुमची पत्रं डोक्यात फिरायला लागली. किलोमीटरचा आकडा तोच. टाकी अर्धी होती ती तळाला आली. ऑइलच्या झाकणाला साय. बाबा म्हणायचे, साय धरली म्हणजे गाडी पुन्हा पुन्हा सुरू होते आहे, पण कधी पुरती तापत नाही. आतला ओलावा आतच राहतो. आणि शिवणबाई म्हणाल्या, "संध्याकाळचा तो धूर". हे सगळं तुम्हीच मला लिहिलंत, शब्द न् शब्द खरा. मीच वाचलं नाही. प्लगला पत्रं लिहीत बसले, तुम्हाला लिहिलंच नाही.

तुम्ही ती रोज संध्याकाळी सुरू करता ना, भावोजी? जागच्या जागी?

का ते सांगायचं नसेल तर सांगू नका. पण एक सांगा. पहिला प्लग साफ केल्यावर तुम्ही म्हणालात आवाज पूर्वीसारखा नाही. पूर्वीसारखा म्हणजे कसा? मला तो नीट ऐकवा. तुम्हाला लिहिता येतं.

तुमची,
धाकटी


१२ मार्च

प्रिय मेहुणीबाईंस,

दोन्ही पत्रे एकाच दिवशी पोचली. आधी दुसरे उघडले गेले हे माझे भाग्य. पहिल्यातील राग रास्त आहे. त्या सासूबाईंविषयी वाचून मला लाज वाटली. गाडी आपलीच आहे. ती द्यावयाची नाही असे माझ्या मनात एकदाही आले नाही. सोडवत नाही, हे मात्र खरे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मनात राहू शकतात, असे दिसते.

होय, मी ती रोज सुरू करतो. मी आपणांस खोटे काही लिहिले नाही. परंतु विचारले नसलेले सांगितलेही नाही, आणि मसुदे लिहिणाऱ्या माणसास या दोहोंतील अंतर ठाऊक असते.

कारण साधे आहे. इतकी वर्षे संध्याकाळी मी स्वयंपाकघरात असे. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला की पाणी चुलीवर ठेवायचे. ती जिना चढून वर येईपर्यंत चहा गाळून तयार. पाणी कधी ठेवावे यासाठी मला घड्याळाची गरज पडली नाही. ती गेल्यानंतर असे ध्यानात आले की मला चहा करता येत नाही. म्हणजे करता येतो; सुरू करता येत नाही. भांडे हातात घेऊन मी उभा राही आणि अंधार पडे. एका संध्याकाळी खाली जाऊन किक मारली. सुरू झाली. ती तशीच चालू ठेवून वर आलो आणि पाणी ठेवले. चहा झाला. पिऊन खाली गेलो आणि बंद केली. तेव्हापासून तसेच चालू आहे.

आता आवाज. कोपऱ्यावरून येणारा तिच्या गाडीचा आवाज भराभर पडणारा नसे. जड, संथ, प्रत्येक ठोका वेगळा मोजता येईल असा. मध्ये एखादा चुकल्यासारखा, जणू कुणी गुडघ्यावर हात टेकून जिना चढत आहे आणि पायरीगणिक थोडे कुरकुरत आहे. खिडकीच्या काचेत तो आधी येई, कानात नंतर. प्लग साफ केल्यावर तो गेला. इंजिन गुळगुळीत चालू लागले आणि मला कोणी ओळखीचे वाटेना. पाणी ठेवावेसे वाटेना. मग असे आढळले की चोकची दांडी अर्धी वर ठेवली की ठोके जड होतात आणि मधला एक चुकतोही. पुष्कळसा पूर्वीसारखा. दांडी खाली बसते की नाही, असे आपण विचारले होते. ती बसते, मी बसू देत नव्हतो.

हे सारे एखाद्या शहाण्या माणसाने करण्यासारखे नाही, हे मी जाणतो.

आपला,
भावोजी


१८ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं, मग आरोग्य केंद्राच्या पायरीवर जाऊन बसले. औषधवाली विचारायला लागली, "सिस्टर, घरी सगळं बरं आहे ना?" म्हटलं, "बरं आहे. गाडीचा दोष सापडला."

ऐका. तुम्ही लिहिलेला तो आवाज मला पाठ आहे. तो इंजिनाचा नाही. तो ताईचा आहे.

ती वळणावर कधी गिअर खाली टाकायचीच नाही! तिसऱ्यात यायची आणि तिसऱ्यातच वळायची. वेग पडलेला, गिअर वरचा, मग इंजिनाचा जीव गुदमरणार नाही तर काय होणार? धाड... धाड... धाड... अगदी तुम्ही लिहिलंय तसं. बाबा गॅरेजातून हातात पाना घेऊन रस्त्यावर यायचे, "अगं दुसरा टाक! दुसरा! रडतंय ते बिचारं!" ती हात करून निघून जायची. मी पण सांगून थकले. "एवढं दिसतं तुला," म्हणायची, "तर तू चालव." चालवली नाही, मी नुसती दुरुस्त करत राहिले. तिने बिघडवायची आणि मी निस्तरायची, अशीच आमची वाटणी होती.

म्हणजे गाडीत दोष उरलाच नव्हता, भावोजी. पहिला प्लग घासलात त्याच दिवशी ती बरी झाली होती. स्वयंपाकघरातल्या तुमच्या कानांना बरं इंजिन कधी ऐकायलाच मिळालेलं नाही. आणि मग तुम्ही रोज संध्याकाळी ती जपून, निगुतीने बिघडवत होतात.

मी हसतेय असं वाटेल तुम्हाला. थोडं हसतेय. पण मलाही तो आवाज ऐकून वर्ष होत आलं, आणि तुमच्या पत्रात तो मला ऐकू आला. तेवढ्यासाठी तुमचा प्लग काळा झाला तरी चालेल.

पण इंजिन असं जगत नाही. जागच्या जागी फिरवून त्याच्या आत काजळी आणि पाणी साठतं. त्याला रस्ता लागतो, चढ लागतो, ओझं लागतं. तापू द्यावं लागतं. शनिवारी येते. ऑइल आणि नवा प्लग घेऊन येते. तोवर चोक खाली. पूर्ण खाली. आणि चहा दूधवाला आला की टाका, तात्पुरतं.

तुमची,
धाकटी


१ एप्रिल

प्रिय मेहुणीबाईंस,

आपण गाडी घेऊन गेलात त्यास आठवडा झाला. सुखरूप पोचल्याची चिठ्ठी मिळाली. चढावर ती "म्हशीसारखी शांत आणि घोड्यासारखी हट्टी" चालते असे आपण लिहिले आहे. या दोन्हीचा मेळ कसा बसतो ते कळले नाही, पण आपण समाधानी आहात इतके कळले.

अंगणात गाडी उभी असायची तेथे तेलाचा एक डाग उरला आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तो घासण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणालो. आता अस्तर तेथेच वाळत असते, पांढरेशुभ्र.

एक गोष्ट त्या दिवशी विचारावयाची राहिली. ऑइल बदलून झाल्यावर इंजिन तापवण्यासाठी आपण गाडी घेऊन मोठ्या रस्त्याने लांब फेरी मारून आलात. मी वर हात धूत होतो. परतताना कोपऱ्यावर ती आपल्या हाताखाली गुळगुळीत आवाजात येईल, अशी माझ्या मनाची तयारी होती. ती तशी आली नाही. जड, संथ, मधला एक ठोका चुकलेला. खिडकीची काच आधी थरथरली. आपण वर आलात तेव्हा चहा गाळून झालेला होता आणि आपण तो उभ्यानेच प्यालात.

आपण मुद्दाम तसे केलेत काय? माझ्यासाठी केले असेल तर मी ऋणी आहे. परंतु इंजिनास ते हितावह नाही असे आपणच लिहिले होते, म्हणून विचारतो.

आपला,
भावोजी


९ एप्रिल

भावोजी,

नाही हो. मुद्दाम नाही केलं. शपथेवर सांगते.

आयुष्यभर ताईला ओरडत आले आणि त्या कोपऱ्यावर माझंच तेच झालं. मोठ्या रस्त्यावरून येताना मनाशी म्हणत होते, आता वळण, आता दुसरा टाकायचा, भावोजींना एकदा नीट इंजिन ऐकवायचं. आणि वळले तर काय, तुमची स्वयंपाकघराची खिडकी एकदम समोर! आधी भिंत, भिंत, भिंत आणि मग एकदम ती. मान आपोआप वर गेली. तुम्ही आहात का, दिवा लावलाय का, नुसतं तेवढंच बघितलं. तेवढ्यात वेग पडला, गिअर टाकायचा राहून गेला, आणि खाली धाड, धाड सुरू.

हे असं का झालं ते माझ्या घरी पोचेपर्यंत मला कळलं नाही. रात्रभर मात्र तेच डोक्यात होतं. ताईला गाडी चालवता येत होती, भावोजी. घाट चढायची ती, गिअर चुकायचा नाही. बाबा पाना घेऊन ओरडायचे, तिथे तरी काय होतं? वळलं की गॅरेजचं दार समोर यायचं, आणि दारात बाबा असायचे. एवढी वर्षं आम्ही तिला शिकवत राहिलो. तिचं हाताकडे लक्ष नव्हतंच. वर बघायची ती.

पुढच्या महिन्यात माझी त्या बाजूला बैठक आहे. संध्याकाळी येईन. चहा करून ठेवू नका, मी आल्यावर ठेवा.

तुमची,
धाकटी


१६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझे पत्र पोचले. उत्तर लिहिण्यास दोन दिवस लागले, कारण मजकूर जुळेना. अजूनही जुळलेला नाही. तेव्हा कामापुरते लिहितो.

दूधवाल्याच्या वेळेस चहा टाकण्याची तुझी तात्पुरती व्यवस्था चालू आहे. चहा बरा होतो. काल साखर विसरलो, पण पाणी वेळेवर ठेवले. संध्याकाळी खिडकीत उभा राहून मी तो कोपरा पाहिला. इतकी वर्षे मी तो केवळ ऐकला होता. तू म्हणतेस ते खरे आहे. भिंत संपते आणि वळणारा माणूस थेट या खिडकीसमोर येतो. पलीकडून एक सायकलवाला वळला आणि त्यानेही वर पाहिले. मी हात केला. तो गोंधळला, मग त्यानेही केला.

तू येशील तेव्हा पाणी आवाज आल्यावरच ठेवीन. तो कसाही असो. मला आता दोन्ही ओळखता येतील. मात्र त्या वळणावर समोरून वाहने येतात आणि तुझ्यामागे बायका खोळंबलेल्या असतात. तेव्हा हात क्लचवर ठेव, दुसरा गिअर वेळेवर टाक आणि रस्त्याकडे पाहा. खिडकीकडे पाहू नकोस. मी घरीच असतो.

तुझा,
भावोजी